पटकी गेली, पिवळा वायू आला : वॉटर वर्क्समधल्या क्लोरीनच्या खोलीविषयी

बडोद्याच्या माणसाला आजव्याचं कौतुक नव्याने सांगावं लागत नाही. तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत जगन्नाथ सदाशिवजी या अभियंत्याने आखलेला हा तलाव 1892 साली शहराला पाणी देऊ लागला. तलाव उंचावर असल्याने पाणी उताराने आपोआप शहरात यायचं. आपल्या मंडळात या विषयावर बोलणं निघालं की मातीचा बंधारा, लोखंडी नळ आणि महाराजांची दूरदृष्टी हे सगळं येतं. एक गोष्ट मात्र राहून जाते. 1892 साली जगातल्या कुठल्याच शहरात पाण्यात नियमितपणे क्लोरीन टाकत नव्हते.

पटकीचा जंतू पाण्यातून येतो हे तोवर कळलं होतं. कॉखने तो 1884 मध्ये कलकत्त्याच्या एका तळ्यात दाखवलाही होता. तरी भरवसा होता तो स्वच्छ पाणलोट आणि वाळूची गाळणी यांवरच. इंग्लंडात मेडस्टन इथे 1897 च्या विषमज्वरात ब्लीचिंग पावडर वापरली, पण ती तेवढ्यापुरती. 1905 मध्ये लिंकनला आणि 1908 मध्ये अमेरिकेत जर्सी सिटीला रोजचं क्लोरीन सुरू झालं. पुढे पावडरीऐवजी दाबाखाली द्रवरूप केलेला क्लोरीन आला. हाच वायू 22 एप्रिल 1915 ला ईप्र इथे जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला. पाणी निर्जंतुक करणारा आणि फुप्फुसं जाळणारा पदार्थ एकच आहे, हे वॉटर वर्क्सच्या इतिहासात सहसा लिहिलं जात नाही.

आता तो वापरतात कशाला, असं कोणी विचारेल. गाळणीतून निघालेलं पाणी शुद्ध असलं तरी पुढे मैलोन्‌मैल नळातून जायचं असतं, आणि जुन्या नळाला कुठे फट असते, कुठे शेजारी गटार. शेवटच्या तोटीपर्यंत लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे, असं आपल्याकडचं मानक आहे. हे राखणीचं काम उकळणं किंवा गाळणं करू शकत नाही.

मोठ्या केंद्रांत क्लोरीन येतो तो आडव्या, पिंपासारख्या लोखंडी टाकीत. एका टाकीत 900 किलो. कामगार तिला टनर म्हणतात. आत द्रव असतो. तो बाहेर पडला की त्याचा साडेचारशे पटींहून अधिक वायू होतो, आणि तो हवेच्या अडीच पट जड. म्हणजे तो धुरासारखा वर जात नाही. पाण्यासारखा जमिनीलगत वाहतो आणि सखल जागी साचतो. एवढं एक लक्षात ठेवलं की क्लोरीनच्या खोलीची सगळी रचना उलगडते. पंखा छताशी नसून फरशीजवळ असतो, त्याचं बटण दाराबाहेर, दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. श्वसनयंत्राची पेटीही बाहेरच हवी. वायू भरलेल्या खोलीत शिरून मुखवटा शोधायचा, याला काय अर्थ आहे?

गळती शोधायची पद्धत मला फार आवडते. अमोनियात भिजवलेला बोळा काठीला लावून सांध्याजवळ नेतात. क्लोरीन निसटत असेल तर पांढरा धूर उठतो. हा धूर म्हणजे नवसागर. कल्हईवाला भांडं तापवून जो नवसागर टाकायचा, तोच. आमच्या पिढीने तो दारात पाहिलाय.

गळक्या टाकीवर पाणी मारायचं नाही, हा नियम नवख्याला उलटा वाटतो. कारण साधं आहे: कोरडा क्लोरीन लोखंडाला फारसं काही करत नाही, ओला झाला की आम्ल होऊन ते खातो, आणि सुईएवढं भोक बोटाएवढं होतं. शिवाय पाण्याच्या उबेने आतला द्रव जास्त उकळतो. त्याऐवजी टाकी लोळवून भोक वरच्या अंगाला आणतात, म्हणजे द्रव न गळता नुसता वायू निघतो. नुकसान कितीतरी पटीने कमी. मग टोपी बसवायची, नाहीतर कॉस्टिक सोड्याच्या हौदात वायू जिरवायचा. एका भरल्या टनरला निदान टनभर सोडा लागतो, तेव्हा कोपऱ्यात दोन गोणी ठेवून भागत नाही. चांगल्या ठिकाणी वायू पोकळीने ओढून घेणारं यंत्र असतं. त्यात नळी तुटली तर वायू बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते.

जुलै 2010 मध्ये मुंबईत शिवडीला वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टाक्यांतून क्लोरीन सुटला आणि शंभराहून जास्त लोकांना बाधा झाली. ऑक्टोबर 2022 मध्ये भोपाळच्या ईदगाह हिल्सवरच्या पाणीशुद्धीकरण केंद्रात गळती झाली, तेव्हा आसपासच्या वस्तीला 1984 ची रात्र आठवली. वायू वेगळा, पण खोकणाऱ्याला ते कोण समजावणार? आपली जुनी वॉटर वर्क्स बांधली तेव्हा गावाबाहेर होती. गाव त्यांच्यापर्यंत चालत आलं. क्लोरीनची खोली मात्र जागची हलली नाही.

म्हणून जुनं वॉटर वर्क्स पाहायला न्याल तेव्हा आधी वारा कुठून वाहतोय ते पाहा. तिखट वास आला तर वाऱ्याला आडवं निघा आणि चढावर जा. तळघरात किंवा जिन्याखाली लपू नका.

काही वर्षांपूर्वी एका गावी (नाव घेत नाही) आम्ही पंधरा-वीस जण असं केंद्र पाहायला गेलो होतो. जुन्या पंपांवरच्या पितळी पाट्या वाचून झाल्यावर मी श्वसनयंत्राची पेटी दाखवा म्हटलं. पेटी होती, क्लोरीनच्या खोलीत, टनरच्या मागे, कुलूपबंद. किल्ली साहेबांकडे आणि साहेब रजेवर. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलो तर पेटी दाराबाहेर भिंतीला टांगलेली. मला पाहून तिथला जुना कर्मचारी हसला आणि म्हणाला, "काका, बाहेर आणली बघा." कुलूप मात्र तेच होतं.