डॉक्युमेंटेशनमधले एक वाक्य सुधारताना

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे डॉक्युमेंटेशन तिच्या कोडशेजारीच नांदते. गिटहबवरील सीपायथनच्या (पायथनच्या मूळ अंमलबजावणीच्या) रिपॉझिटरीत ‘डॉक’ नावाचे एक फोल्डर आहे. त्यात रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या लेखनपद्धतीतल्या फायली असतात आणि स्फिंक्स हे साधन त्यांची वेबपाने तयार करते. स्फिंक्स मुळात याच कामासाठी गेऑर्ग ब्रांडल यांनी घडवले. २००८मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि पुढे इतर असंख्य प्रकल्पांनी उचलले. त्याआधी पायथनची माहिती लाटेकमध्ये लिहिली जात असे. माहिती आणि कोड एका छपराखाली असल्यामुळे माहितीतली चूकही बगच मानली जाते. ती त्याच ठिकाणी नोंदवतात, तिच्यावर त्याच पद्धतीने चर्चा होते आणि दुरुस्तीही त्याच वाटेने आत येते. ही परंपरा जुनी आहे. नोव्हेंबर १९७१मध्ये निघालेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही कमांडच्या पानावर ‘बग्स’ या मथळ्याखाली ज्ञात दोष नोंदवण्याची सोय होती.

माहितीपानावरचे दोष एका जातीचे नसतात. अक्षर चुकणे, दुवा तुटणे हे दोष कोणालाही दिसतात आणि मिनिटात दुरुस्त होतात. प्रोग्रॅम बदलला पण पान जुनेच राहिले, हा दोष त्याहून गंभीर. तो शोधायला पान आणि प्रोग्रॅम शेजारी ठेवून पाहावे लागतात. तिसरा प्रकार सर्वांत अवघड असतो. वाक्य शब्दशः बरोबर असते, तरी ते वाचून माणूस चुकीची अपेक्षा बाळगतो. सुधारणा सुचवण्याचे खरे कौशल्य इथे लागते.

देवनागरीशी संबंधित एक उदाहरण घेता येईल. अक्षरमालेत सगळी अक्षरेच आहेत का, हे तपासण्यासाठी पायथनमध्ये ‘इझअल्फा’ नावाची मेथड आहे. तिला ‘कमळ’ दिले तर उत्तर ‘ट्रू’ येते, ‘गुलाब’ दिले तर ‘फॉल्स’. कारण युनिकोडच्या वर्गवारीत क, म, ळ ही ‘लेटर’ या गटात येतात. उकार आणि काना मात्र ‘मार्क’ या गटात. पायथन फक्त ‘लेटर’ गट पाहतो. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शब्द ओळखणारे ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ हे चिन्हही तसेच वागते. त्याने ‘मराठी’ हा शब्द शोधला, तर ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हाती येतात. अधिकृत पानावर गटांची नावे दिलेली आहेत. युनिकोडमध्ये ‘अल्फाबेटिक’ नावाचा वेगळा गुणधर्म आहे आणि तो इथे अभिप्रेत नाही, हेही तिथे नमूद आहे. म्हणजे पान खोटे बोलत नाही. तरीही मतदारयादीतली किंवा ग्राहकांची नावे तपासणारा मराठी प्रोग्रॅमर या मेथडवर विसंबला, तर ‘कमल’ स्वीकारले जाईल आणि ‘सुनीता’ नाकारली जाईल.

अशा ठिकाणी पहिले काम पडताळणीचे. पायथनची चालू आवृत्ती आणि विकासाधीन आवृत्ती, दोन्हींवर उदाहरण चालवून पाहावे लागते. वाचलेले पान कोणत्या आवृत्तीचे होते तेही पाहावे लागते, कारण शोधयंत्र अनेकदा जुन्या आवृत्तीच्या पानावर नेऊन सोडते आणि तिथला दोष नव्या पानावर केव्हाच दुरुस्त झालेला असतो. ‘युनिकोडडेटा’ या मॉड्यूलला विचारले की प्रत्येक चिन्हाचा गट कळतो. आणखी एक बाब नवख्यांच्या लक्षात येत नाही. ‘हेल्प’ दिल्यावर पडद्यावर येणारा मजकूर कोडच्या फायलीत असतो आणि वेबपानावरचा ‘डॉक’ फोल्डरमध्ये. एकाच मेथडचे वर्णन दोन जागी असल्यामुळे एक सुधारले तरी दुसरे तसेच राहू शकते.

पडताळणीनंतर निदान. दोष माहितीत आहे, प्रोग्रॅममध्ये आहे, की वाचणाऱ्याच्या समजुतीत? याची सीमारेषा पुसट असते आणि पायथनच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण आहे. ‘एलस्ट्रिप’ ही मेथड मजकुराच्या सुरुवातीचे नको ते काढून टाकते. तिला दिलेला मजकूर सलग उपसर्ग म्हणून न घेता ती त्यातले प्रत्येक चिन्ह सुटे धरते. त्यामुळे ‘श्री शरद’मधून ‘श्री’ आणि त्यापुढची मोकळी जागा काढायला सांगितले, तर नावातले ‘श’ आणि ‘र’ही जातात आणि फक्त ‘द’ उरतो. अधिकृत पानावर हा खुलासा होता. तरीही लोक वर्षानुवर्षे अडखळत राहिले आणि तक्रारी येत राहिल्या. अखेर ‘पेप ६१६’ या प्रस्तावातून ‘रिमूव्हप्रिफिक्स’ आणि ‘रिमूव्हसफिक्स’ या नव्या मेथड आल्या. ऑक्टोबर २०२०मध्ये निघालेल्या ३.९ आवृत्तीत त्या दाखल झाल्या. आज ‘एलस्ट्रिप’च्या वर्णनात नव्या मेथडचा निर्देश आहे आणि दोघींच्या उत्तरांतला फरक उदाहरणाने दाखवला आहे. माहितीविषयीची तक्रार पुन:पुन्हा येत असेल, तर उणीव भाषेतच असू शकते. म्हणून अशी तक्रार किरकोळ समजून झटकणे चूक ठरते.

सूचना लिहिण्याआधी जुन्या नोंदी चाळाव्या लागतात. पायथनच्या पूर्वीच्या ट्रॅकरवरील नोंदी एप्रिल २०२२मध्ये गिटहबवर हलवल्या गेल्या. त्यामुळे जुन्या चर्चाही तिथे सापडतात. तोच मुद्दा आधी नाकारला गेला असेल, तर नकाराची कारणे तिथे वाचायला मिळतात.

‘हे पान समजत नाही’ एवढ्याच तक्रारीतून मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, काही करता येत नाही. उपयोगी नोंदीत पानाचा पत्ता असतो, नेमके वाक्य असते, ते वाचून काय वाटले आणि प्रत्यक्षात काय घडले हे असते, आणि शेवटी पर्यायी वाक्य. यातले ‘काय वाटले’ हे सर्वांत मोलाचे, कारण मेंटेनरकडे तेवढेच नसते. ज्याने मेथड लिहिली त्याला तिचे वागणे पाठ असते. वाक्यातली पोकळी तो नकळत स्वतःच्या ज्ञानाने भरून काढतो. नवशिक्यालाही ही पोकळी फार काळ दिसत नाही. भाषा अंगवळणी पडली की तोही तीच पोकळी भरून काढू लागतो. म्हणून अडखळल्याची टिपणी त्याच दिवशी करावी, नोंद मग सवडीने लिहिता येते.

प्रत्यक्ष बदल स्वतः करायचा असेल तर रिपॉझिटरीची प्रत घेऊन फायलीत दुरुस्ती करायची, स्फिंक्सने पान बांधून पाहायचे आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याची विनंती, पाठवायची. पायथनसाठी एकदाच एक करारनामा ऑनलाइन मान्य करावा लागतो. इथे एक शिस्त फार कामाची ठरते, ती म्हणजे शेजारच्या ओळींना हात न लावणे. एक शब्द बदलून परिच्छेदाच्या ओळी नव्याने जुळवल्या, तर जुन्या-नव्या मजकुराच्या तुलनेत दहा ओळी बदललेल्या दिसतात आणि तपासणाऱ्याला खरा बदल शोधत बसावे लागते.

तपासणीत सर्वाधिक चर्चा लांबीवर आणि जागेवर होते. पायथनच्या लेखनसंकेतांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. अधिक मजकूर म्हणजे अधिक चांगला मजकूर नव्हे, म्हणून थोडक्यात लिहावे. आणि काय करू नये यापेक्षा गोष्ट कशी चालते हे सांगावे. सुरक्षेचा धोका वगैरे अपवाद सोडले तर इशाऱ्यांची गर्दी टाळावी. ‘इझअल्फा’खाली देवनागरीवर मोठी टीप जोडली तर ती बहुधा नाकारली जाईल आणि ते योग्यच ठरेल. संदर्भपानावर एका ओळीचे उदाहरण पुरे. सविस्तर विवेचनाची जागा युनिकोडच्या स्वतंत्र ‘हाउटू’ पानात आहे. प्रशिक्षण, कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण असे माहितीचे चार प्रकार वेगळे ठेवावेत, हा डॅनिएले प्रोचिदा यांचा विचार आज अनेक प्रकल्पांनी स्वीकारला आहे. सूचना कोणत्या प्रकारात बसते हे आधी ठरवले, तर अर्धी चर्चा वाचते.

तपासणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात, त्यांच्या वेळाची कदर व्हायला हवी. ऑक्टोबर २०२०मध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमातला टी-शर्ट मिळवण्यासाठी लोकांनी असंख्य प्रकल्पांच्या ‘रीडमी’ फायलींत निरर्थक शब्द घुसवून पुल रिक्वेस्ट पाठवल्या. मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलावे लागले आणि प्रकल्पाची संमती असेल तरच सहभाग धरला जाऊ लागला.

मान्य झालेला बदल आधी मुख्य शाखेत जातो. मग ज्या आवृत्त्यांना सर्वसाधारण दुरुस्त्या अजून मिळतात त्यांच्या शाखांवरही तो नेला जातो. हे काम बरेचसे एक बॉटच करतो. पाने ठरावीक वेळाने आपोआप पुन्हा बांधली जातात, त्यासाठी नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागत नाही. फक्त सुरक्षा-दुरुस्त्या मिळणाऱ्या जुन्या आवृत्त्यांची पाने सहसा तशीच राहतात.

काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे प्रोग्रॅममध्ये कुठे अडतात, हे रोज देवनागरी मजकूर हाताळणाऱ्यांनाच प्रथम कळते. मराठी प्रोग्रॅमरांनी अशी प्रत्येक जागा उदाहरणासह नोंदवावी. अशा नोंदीसाठी भाषेचा गाभा घडवणारा तज्ज्ञ असण्याची अट नाही. गिटहबवर खाते असले की पुरते.