रक्तशर्करा, भोजनोत्तर

रक्तशर्करा, भोजनोत्तर : जेवणानंतर रक्तात आढळणारे द्राक्षशर्करेचे (ग्लुकोजाचे) प्रमाण. निरोगी व्यक्तीत रात्रभराच्या उपवासानंतर दर १०० मिलि. रक्तद्रवात सु. ७० ते ९९ मिग्रॅ. द्राक्षशर्करा असते. अन्नातील पिष्टमय पदार्थांचे पचन होऊन तयार झालेली द्राक्षशर्करा लहान आतड्यातून रक्तात शोषली जाते. त्यामुळे जेवणास आरंभ केल्यापासून सु. १० मिनिटांत रक्तशर्करा वाढू लागते, सु. एका तासात उच्चतम पातळी गाठते आणि दोन ते तीन तासांत जवळजवळ पूर्ववत होते.

ही वाढ मर्यादेत ठेवण्याचे कार्य मुख्यत्वे इन्शुलिन हे हॉर्मोन करते. ते अग्निपिंडातील लँगरहान्स द्वीपकांच्या बीटा कोशिकांत तयार होते. त्याच्या प्रभावाने स्नायू व वसा-ऊतक द्राक्षशर्करा ग्रहण करतात, तर यकृत ती ग्लायकोजेनाच्या रूपात साठविते व स्वतःकडील शर्करा रक्तात सोडणे कमी करते. आतड्यातील काही हॉर्मोनेही इन्शुलिनाचा स्राव वाढवितात. म्हणून शिरेवाटे दिलेल्या द्राक्षशर्करेपेक्षा तोंडावाटे घेतलेल्या तेवढ्याच द्राक्षशर्करेने तो अधिक होतो.

रक्तशर्करेची वाढ आहाराच्या स्वरूपावरही अवलंबून असते. साखरेचे सरबत किंवा तांदळाची पेज यांमुळे ती त्वरेने होते, तर हरभऱ्यासारख्या तंतुयुक्त कडधान्यांमुळे ती सावकाश होते. आहारपदार्थांची या दृष्टीने तुलना करण्यासाठी डेव्हिड जेंकिन्स व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये ग्लायसीमिक निर्देशांक सुचविला. जेवणानंतर थोडे चालल्यानेही ही वाढ कमी होते.

निदानासाठी उपाशीपोटी ७५ ग्रॅ. द्राक्षशर्करा पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. या वेळी १४० मिग्रॅ. पेक्षा कमी प्रमाण प्राकृत (सामान्य), १४० ते १९९ मिग्रॅ. हे शर्करा-सह्यता घटल्याचे आणि २०० मिग्रॅ. वा अधिक हे मधुमेहाचे निदर्शक मानतात. लक्षणे नसल्यास निदान पुन्हा चाचणी करून पक्के करतात. मधुमेही प्रौढांत जेवणानंतरची उच्चतम पातळी सर्वसाधारणपणे १८० मिग्रॅ. पेक्षा कमी राखण्याचे उद्दिष्ट असते. गर्भवतींसाठी मर्यादा अधिक कडक असतात.

काही व्यक्तींत उपाशीपोटीची रक्तशर्करा प्राकृत असूनही भोजनोत्तर पातळी वाढलेली असते. रक्तशर्करा सु. १८० मिग्रॅ. च्या पुढे गेल्यावरच सामान्यतः मूत्रात शर्करा उतरते. त्यामुळे केवळ मूत्रपरीक्षेवर विसंबल्यास हा दोष ध्यानात येत नाही. दरम्यान कोणतेही लक्षण नसताना रक्तवाहिन्यांची हानी होऊ शकते व हृदयविकाराचा धोका वाढतो. या अवस्थेत दोष ओळखला गेल्यास आहारनियमन, व्यायाम व वजनातील घट यांद्वारे पुष्कळांच्या बाबतीत मधुमेह टाळता येतो किंवा लांबविता येतो.