पेठेतील रस्ता आणि रहिवाशांचा वाहन-परवाना

सदाशिवराव भाऊंच्या नावाने वसलेल्या पुण्यातील सदाशिव पेठेत वाडे बांधले गेले, तेव्हा मोटारीसाठी जागा राखण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे अनेक वाडे जाऊन इमारती आल्या, वाहने वाढली. बोळ मात्र बव्हंशी तेवढेच राहिले. जुन्या वाड्यातील भाडेकरूस आजही वाहन उभे करण्यास रस्त्यावाचून जागा नाही.

शहरातील वर्दळीच्या रस्त्यांवर सम व विषम तारखांना आळीपाळीने एकेका बाजूस वाहने उभी करण्याची पद्धत आहे. 'पी-१' व 'पी-२' या पाट्या त्यासाठीच असतात. दुकानात घटकाभर येणाऱ्यास ही व्यवस्था सोयीची. पण तेथेच राहणाऱ्याने रात्री योग्य बाजूस लावलेले वाहन तारीख पालटताच चुकीच्या बाजूस ठरते.

यावर रहिवासी-परवान्याचा उपाय सुचविला जातो. तो नवा नाही. अमेरिकेतील आर्लिंग्टन परगण्याने रहिवाशांसाठी अशी मुभा ठेवून बाहेरच्या वाहनांस दिवसा मज्जाव केला होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो नियम वैध ठरविला. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ अन्वये राज्य शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेले प्राधिकरण, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, वाहनतळाच्या जागा ठरवू शकते.

खरी अडचण हिशेबाची आहे. रस्त्याच्या कडेने एक मोटार उभी करण्यास सुमारे ५ मीटर लांबी लागते. म्हणजे १०० मीटरच्या एका बाजूस २० मोटारी. त्यातून प्रवेशद्वारे, वळणे आणि अग्निशामक बंबासाठी मोकळी ठेवावयाची जागा वजा केली, तर १२-१३ उरल्या तरी पुष्कळ. तेथे ३० परवाने दिले, तर परवानाधारकास जागा नव्हे, केवळ जागा शोधण्याचा हक्क मिळेल! शिवाय एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाकी मावतात. मग प्राधान्य कोणास?

रहिवासी कोणास म्हणावे, हेही सोपे नाही. स्पर्धा परीक्षांसाठी येथे खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दुचाकीवर त्याच्या जिल्ह्याचा क्रमांक असतो. केवळ नोंदणीचा पत्ता पाहिला, तर तो परका ठरेल. भाडेकराराचा पुरावा ग्राह्य धरणे त्यासाठी आवश्यक आहे.

पुणे महानगरपालिकेने मार्च २०१८ मध्ये वाहनतळ धोरण मंजूर केले, तेव्हा रात्रीच्या आकारणीच्या प्रस्तावास नागरिकांनी विरोध केला आणि प्रयोगासाठी पाचच रस्ते घेण्याचे ठरले. पेठेत परवाना आणावयाचा झाल्यास तो रात्रीपुरता ठेवणे अधिक व्यवहार्य. दिवसा कामावर गेलेल्यांची रिकामी जागा कुमठेकर रस्त्यावरील ग्राहकांस वापरता येईल.