खतातले स्फुरद, फवाऱ्यातले स्फुरद

कपाशीला पाते लागू लागले की आमच्या परळी भागात पाठीवरचे पंप निघतात, आणि चार दिवसांत दवाखान्यात घामाने निथळणारे, तोंडाला लाळ सुटलेले रुग्ण येऊ लागतात. त्यांच्या डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली असते. बरे झाल्यावर पुष्कळजण विचारतात, ''डॉक्टरसाहेब, डीएपीतही स्फुरदच असते. ते आम्ही हाताने टाकतो. मग या औषधातल्या स्फुरदाने एवढे कसे झाले?''

प्रश्न रास्त आहे. स्फुरद म्हणजे फॉस्फरस. तो नत्र, गंधक, प्राणवायू यांच्यासारखाच अधातू आहे. आपल्या हाडांत, पेशीतल्या डीएनएत तो असतोच. गुण-अवगुण ठरतो तो शेजाऱ्यांवरून. खतातल्या फॉस्फेटला चारी बाजूंनी प्राणवायूने घेरलेले असते, त्यामुळे ते कोणाला धरायला जात नाही. कीटकनाशकात मात्र स्फुरदाला कार्बनचे गट जोडलेले असतात आणि त्यातला एक सहज सुटणारा असतो. (कार्बनच्या अशा संयुगांना रसायनशास्त्रात 'सेंद्रिय' म्हणतात. त्याचा शेणखताशी संबंध नाही. मोनोक्रोटोफॉसही त्या अर्थाने सेंद्रियच!)

मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या द्रव्याने. निरोप पोचला की एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते द्रव्य लगेच मोडून टाकते. कीटकनाशकातला सैल गट गळून पडतो आणि मोकळे झालेले स्फुरद या विकराला घट्ट धरून बसते. मग निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, उलटी, जुलाब, छातीत घरघर. स्नायू आधी थरथरतात, मग थकतात, आणि शेवटी श्वास बंद पडतो.

आता गंधकाचे पाहा. क्लोरपायरीफॉस, क्विनालफॉस यांत स्फुरदाला गंधक चिकटलेले असते. तोवर विष तसे मंद असते. पण आपलेच यकृत गंधक काढून तिथे प्राणवायू बसवते आणि विष जहाल होते! म्हणून ''पेशंट चांगला बोलतोय, घरी नेतो'' असे म्हणणाऱ्या नातेवाइकांशी मी वाद घालतो. क्लोरपायरीफॉसमध्ये शिवाय क्लोरीनचे तीन अणू आहेत. त्यामुळे ते चरबीत मुरते आणि तिथून हळूहळू रक्तात येत राहते.

मोनोक्रोटोफॉसमध्ये गंधक नाही, प्राणवायू पहिल्यापासूनच आहे. त्याला यकृताची वाट पाहावी लागत नाही. गंधकवाल्या औषधांचा लसणासारखा उग्र वासही त्याला नसतो, तेव्हा वासावरून विष ओळखू नये. भारतात २००५ पासून ते भाज्यांवर वापरायला बंदी आहे. २०१३ साली बिहारमध्ये शाळेच्या जेवणात ते मिसळले जाऊन २३ मुले दगावली. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले.

मुख्य औषध ॲट्रोपीन. दुसरे 'पाम' नावाचे इंजेक्शन स्फुरदाची पकड सोडवू शकते, पण पकड पक्की होण्याआधीच. मोनोक्रोटोफॉसच्या बाबतीत ती काही तासांतच पक्की होते. परळीहून अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय पंचवीसेक किलोमीटरवर आहे. एवढी वाट मिठाचे पाणी किंवा तूप पाजण्यात घालवू नका. बेशुद्ध माणसाला उलटी करवली तर ती फुप्फुसात जाते. त्याला कुशीवर झोपवा. भिजलेले कपडे काढा आणि अंग साबणपाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातात प्लास्टिकची पिशवी तरी घालावी. औषधाची बाटली बरोबर आणा. त्यावरच्या नावावरून आम्हाला रुग्णावर किती वेळ नजर ठेवायची ते कळते.

आणि बरा झालेला माणूस आठ दिवसांत परत पंप उचलतो, त्याबद्दल. पकडले गेलेले विकर सुटत नाही, शरीराला ते नवे बनवावे लागते. तांबड्या रक्तपेशींतले विकर पूर्वपदावर यायला साधारण तीन महिने लागतात. तोवर थोड्याशा फवाऱ्यानेही त्याला पुन्हा त्रास होऊ शकतो. त्या हंगामापुरता पंप घरातल्या दुसऱ्या कोणाच्या पाठीवर जाऊ द्या, तोही पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून.