किल्ली शोधणारा टॅग तुमचाही माग काढू शकतो

किल्लीला, बॅगेला लावतात तो एअरटॅग तुम्ही पाहिला असेलच. ॲपलने तो २०२१ मध्ये आणला. गंमत म्हणजे त्यात जीपीएस नसतंच! तो ब्लूटूथवर बारीकसा सिग्नल सोडत राहतो. जवळून जाणारा कुणाचाही आयफोन तो सिग्नल पकडतो आणि टॅग कुठे आहे ते गुपचूप मालकाला कळवतो. म्हणून दादर स्टेशनवर राहिलेली बॅग लवकर दिसेल. आडवाटेच्या गडावर पडलेली किल्ली मात्र वाट बघायला लावेल.

आता दुसरी बाजू. हाच टॅग कुणी तुमच्या स्कूटीच्या डिकीत टाकला तर? कुठे राहता, क्लासला कधी जाता, सगळं त्याला कळणार.

म्हणूनच अनोळखी एअरटॅग तुमच्यासोबत फिरत असेल, तर फोन सूचना देतो. आयफोनवर ही सोय आधीच होती, अँड्रॉइडवर २०२३ मध्ये आली. सूचना आली की बाजूला सारू नका. तिथूनच टॅगचा आवाज वाजवता येतो. सापडला की त्याची पांढरी बाजू एनएफसी असलेल्या फोनला लावा. सिरियल नंबर दिसेल. स्क्रीनशॉट घ्या, मगच बॅटरी काढा. भीती वाटत असेल तर घरी जाऊ नका, गर्दीत थांबा आणि ११२ लावा.

आणि हो, मैत्रिणीच्या बॅगेत ‘काळजीपोटी’ टॅग ठेवायचाय? आधी तिला विचारा. न विचारता केलेली अशी काळजी म्हणजे पाळतच.