रक्तातली मजल

ऊस तुटून रानं मोकळी झाली की कागल-हातकणंगल्याकडच्या शिवारात धनगरांची बकरी बसतात. कळपाच्या कडेला एक बुटकी घोडी दिसते. पाठीवर अख्खं बिऱ्हाड असतं: घोंगडी, भांडी, मेंढ्या कोंडायची वाघर, वर बांधलेल्या कोंबड्या, कधी नुकतंच जन्मलेलं कोकरू. शिंगरू पायात घुटमळत असतं. मजल मारून आलेली ती घोडी ओझं उतरताच अंग झाडते आणि थोड्याच वेळात निवांत चरू लागते.

लांब पल्ल्याच्या घोड्याची खरी परीक्षा या ‘थोड्याच वेळात’च होते!

जगात अशा लांब पल्ल्याच्या शर्यती होतात. एका दिवसातली मोठी शर्यत 160 किलोमीटरची, म्हणजे कोल्हापुरातून निघून सातारा मागे टाकायचा आणि खंबाटकीच्या आसपास पोचायचं. दर टप्प्यावर पशुवैद्य घोड्याला थांबवतात आणि नाडी मोजतात. ठरलेल्या मिनिटांत ती साधारण 64 ठोक्यांवर उतरली नाही, तर कितीही पुढे असलेला घोडा बाद होतो. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते आणि भरधाव धावताना ती 200 च्या पार जाते. तिथून ती किती लवकर खाली येते, यावरून घोड्याचा दम कळतो.

हा दम येतो कुठून? घोड्याची प्लीहा म्हणजे तांबड्या पेशींचं कोठारच. धाव सुरू झाली की ती आकसते, पेशी रक्तात ओतते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद झपाट्यानं वाढते. स्नायूंत काही धागे झटक्यात जोर लावून लवकर दमणारे, तर काही संथपणे तासन्‌तास राबणारे असतात. अरबी घोड्यात दुसऱ्या प्रकारचे धागे भरपूर असतात. यातलं बरंचसं वारशानं येतं. 2010 साली डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी शर्यतीच्या घोड्यांत मायोस्टॅटिन नावाचं जनुक तपासलं. त्याच्या एका रूपाचे घोडे छोट्या शर्यतीत चमकतात, दुसऱ्या रूपाचे लांबच्या. अर्थात दम एका जनुकावर ठरत नाही. फुफ्फुसं, खूर, पाठ, स्वभाव, सगळ्यांचाच त्यात वाटा असतो.

अरबस्तानच्या वाळवंटातले भटके बेदूइन घोड्याचं घराणं घोडीकडून सांगत आले. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाचा डीएनए पिल्लाला आईकडूनच मिळतो, हे विज्ञानाला विसाव्या शतकात कळलं. आईची वंशावळ जपणाऱ्या त्या माणसांनी नकळत पेशीतल्या भट्टीचाच वारसा जपला होता.

आपल्याकडचं असं घराणं भीमथडीचं. सतराव्या-अठराव्या शतकांत भीमेच्या खोऱ्यात अरबी आणि तुर्की घोड्यांचा इथल्या डोंगरी तट्टांशी संकर झाला आणि काटक, थोडक्या चाऱ्यावर मजल मारणारी जात उभी राहिली. कागल तालुक्यातलं सेनापती कापशी हे गाव मराठ्यांचे सेनापती संताजी घोरपडे यांच्या घराण्याचं. संताजींनी 1695 च्या अखेरीस चित्रदुर्गाजवळ दोड्डेरीला मुघल सरदार कासिमखानाला गाठलं आणि काही आठवड्यांतच बसवापट्टणला हिंमतखानाला. अशा मोहिमांचा सगळा भार खोगिराखालच्या जनावराच्या दमावर असतो.

मराठ्यांच्या घोडदळाच्या पागा मोडल्या, पण भीमथडीची ही जात धनगरांनी सांभाळली. त्यांच्या वाड्यात निवड आपोआप होते: वाटेत लंगडणारी, भार पाहून बिचकणारी घोडी मागे पडते आणि टिकते तिचीच पिल्लं वाढतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. आता नोंद व्हायला हवी एकेका घोडीची: तिची आई कोण, किती मजल मारते, खूर कसे, ओझं उतरल्यावर नाडी किती मिनिटांत उतरते. त्यासाठी घड्याळ आणि वही पुरते. जबड्याच्या हाडाखालच्या धमनीवर बोट ठेवायचं, पंधरा सेकंद मोजायचं, चारनं गुणायचं.

पुढच्या वेळी वाटेत बिऱ्हाड घेऊन चाललेली घोडी दिसली, तर ‘तट्टू’ म्हणून नजर फिरवू नका. गाडी हळू करा, तिला वाट द्या. तीनशे वर्षांची मजल तिच्या रक्तात चालते आहे.