तीन बोटे मावतात का?

इंदुरात पोहे-जिलबी झाली की सुपारी तोंडात टाकायची सवय पुष्कळांना आहे. मध्य प्रदेशात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. मग पानमसाला व तंबाखूच्या वेगळ्या पुड्या मिळू लागल्या, खाणारे त्या एकत्र करतात. नुसत्या सुपारीने काही होत नाही, असे आम्हीही समजत होतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारीने गाल आतून ताठर होतात, तिखट झोंबते, तोंड पुरेसे उघडत नाही. सुरुवातीला फारसे दुखत नाही, म्हणून रुग्ण डॉक्टरांकडे उशिरा पोहोचतात. स्वतःची तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये मावत नसतील, किंवा तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर दंतवैद्याला दाखवावे. विद्यार्थ्यांनी घरी आजोबांनाही बोटे लावून पाहायला सांगावे.